विचारा तर खरं : विकी कोणता घ्यावा, आणि तो सांभाळणार कोण?

प्रश्न : ताई, आम्ही पंधरा-वीस जण मिळून खेड्यापाड्यांतल्या सार्वजनिक वाचनालयांसाठी पुस्तकांच्या देवघेवीचं एक मुक्त स्रोत सॉफ्टवेअर बनवतो. कोड गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या साइटवर आहे. प्रोग्रामर चारच, बाकी ग्रंथपाल, दोन शिक्षक आणि एक निवृत्त पोस्टमास्तर. माहिती मात्र विखुरलेली : थोडी गूगल डॉक्समध्ये, थोडी व्हॉट्सॲपच्या गटात, बरीचशी एकाच माणसाच्या डोक्यात. विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची आणि दुरुस्त करायची साइट, करायचं ठरलं आणि तिथेच गाडी अडली. एक म्हणतो मीडियाविकी, दुसरा म्हणतो गिटहबचा आयता आहे तोच घ्या, तिसरा ऑफिसात कॉन्फ्लुएन्स हे एका कंपनीचं विकी-सॉफ्टवेअर वापरतो म्हणून त्याला दुसरं काही पसंतच पडत नाही. सर्व्हर छोटा आहे, एक जीबी मेमरीचा. तीन महिने तुलनेचा तक्ता चाललाय, त्यात चाळीस रकाने झालेत. निर्णय नाही. काय करावं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : असा तक्ता मीही केला होता, २०११ साली. रकाने तुमच्याहून थोडे कमी होते, पण रंगीत होते. पुढे त्यातल्या एकाही रकान्याचा उपयोग झाला नाही, आणि जे दोन प्रश्न खरोखर नडले ते तक्त्यात नव्हतेच. ते दोन प्रश्न असे : पानात चूक दिसली तर तुमचे पोस्टमास्तर ती कुणाला न विचारता, चहा गार व्हायच्या आत दुरुस्त करू शकतील का? आणि उद्या बाडबिस्तरा गुंडाळून दुसरीकडे जायची वेळ आली, तर हातात काय राहील?

दुसऱ्या प्रश्नाची किंमत मी मोजलेली आहे. तेव्हा आम्ही फुकट जागा देणारी एक सेवा निवडली होती. देखणी होती, सर्व्हरची कटकट नव्हती. अडीच वर्षांनी एक ईमेल आली : तीस दिवसांत सेवा बंद होत आहे, आपली माहिती उतरवून घ्यावी. उतरवून घेतली तर एका झिपमध्ये तीनशेचाळीस एचटीएमएल फायली. मजकूर होता, पण कोणत्या पानात कोणी, कधी, काय बदललं याचा सगळा इतिहास गेला. चित्रांचे दुवे तुटलेले. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझी भाची जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप मांडून पानं हातानं उतरवत बसलो होतो. फराळाच्या डब्यात हात आणि कीबोर्डवर चिवड्याचं तेल. त्यानंतर कुठलाही विकी दाखवला की मी आधी त्याचं मागचं दार बघते.

पहिला प्रश्न विकीच्या जन्माशीच जोडलेला आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिला विकी लोकांसाठी खुला केला. नाव घेतलं होनोलुलूच्या विमानतळावर धावणाऱ्या 'विकी विकी' बसवरून. हवाई भाषेत विकी म्हणजे झटपट. वाचणाऱ्यानंच तिथल्या तिथे दुरुस्त करायचं, एवढीच ती कल्पना. जिथे दुरुस्तीसाठी चार पायऱ्या आणि दोघांची परवानगी लागते, त्याला दस्तऐवज म्हणा, नियमावली म्हणा, विकी म्हणू नका. जाता जाता एक गंमत : त्या जुन्या विकींमध्ये दुवा द्यायचा तर मोठ्या लिपीतली आद्याक्षरं असलेले इंग्रजी शब्द जोडून लिहायचे, की आपोआप दुवा व्हायचा. विकिपीडियासुद्धा २००१ च्या जानेवारीत अशाच जोडशब्दांनी सुरू झाला, दुव्यासाठीचे चौकटी कंस थोड्याच दिवसांनी आले. ते आले नसते तर आपली पंचाईत होती, कारण देवनागरीत मोठी आणि लहान लिपी असतेच कुठे!

आता तुमचे उमेदवार. कॉन्फ्लुएन्स पटकन निकालात काढते. चांगलं आहे, मुक्त स्रोत प्रकल्पांना ते सवलतीतही मिळत आलं आहे, अपाचेसारखी मुक्त सॉफ्टवेअरची मोठी संस्था वापरते. पण ते मुक्त नाही. ते बनवणाऱ्या कंपनीनं २०२१ च्या फेब्रुवारीत स्वतःच्या सर्व्हरवर चालवायच्या साध्या आवृत्तीचे नवे परवाने विकणं थांबवलं आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला तिचा आधारही संपवला. घर तुमचं, किल्ली दुसऱ्याची. अपाचेकडे हे निस्तरायला माणसं आहेत, तुमच्याकडे चार प्रोग्रामर आहेत आणि ते नोकरी करून उरलेल्या वेळात काम करतात.

गिटहबच्या विकीचं मागचं दार मात्र ऐसपैस आहे. तो आतून एक गिट रिपॉझिटरीच असतो, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास जपणारं फोल्डर. एका आज्ञेत सगळी पानं, सगळा इतिहास तुमच्या संगणकावर. मग अडचण कुठे? एक म्हणजे पोस्टमास्तरांना गिटहबचं खातं काढावं लागणार, आणि इंग्रजी पडद्यातून वाट काढावी लागणार. दुसरी अडचण फारशी कुणाला ठाऊक नसते : प्रकल्पाला वापरकर्त्यांनी पसंतीचे पाचशे तारे दिले असतील आणि बाहेरच्यांना संपादन बंद असेल, तरच गिटहब तो विकी शोधयंत्रांना दाखवतं. म्हणजे एखाद्या तालुक्याच्या गावातल्या ग्रंथपाल बाईंनी गूगलवर 'उशिरा आलेल्या पुस्तकाचा दंड' शोधलं, तर तुमचं पान सापडायचंच नाही. आणि सापडावं म्हणून कुलूप लावलं तर तो विकी कसला?

'मग सगळं मार्कडाउनमध्ये कोडशेजारीच ठेवू, पुल रिक्वेस्ट येऊ देत' असं तुमच्यातला एखादा प्रोग्रामर म्हणेल. म्हणजे पानं साध्या मजकुराच्या फायलींत, आणि प्रत्येक दुरुस्ती आधी मंजुरीसाठी पाठवायची. मोझिलाची वेब-विकासकांसाठीची प्रसिद्ध माहितीसाइट, एमडीएन, याच वाटेनं गेली. २००५ मध्ये मीडियाविकीवर सुरू झाली, मध्ये दोन मांडव बदलले, आणि २०२० च्या डिसेंबरात विकी सोडून गिटहबवर गेली. त्यांना ते मानवलं, कारण लिहिणारे आणि वाचणारे दोघंही रोज गिट वापरणारे. तुमच्याकडे ग्रंथपाल आहेत. कोडच्या आवृत्तीशी घट्ट बांधलेलं जे आहे, म्हणजे स्थापना कशी करायची, डेटाबेसची रचना काय, ते खुशाल कोडशेजारी ठेवा. पण 'बारकोड यंत्र पावसाळ्यात नीट वाचत नाही तेव्हा आम्ही काय केलं' हे ज्ञान पुल रिक्वेस्टमधून कधीच येणार नाही.

आणखी एक चाळणी आहे : ज्याच्यावर विकी उभा आहे ते सॉफ्टवेअर जिवंत आहे का? मॉइनमॉइन नावाचा विकी एके काळी पायथन, डेबियन, उबुंटू, गनोम अशा मुक्त सॉफ्टवेअरच्या बड्या घरांत नांदत होता. पण त्याची १.९ ही आवृत्ती पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या, दुसऱ्या आवृत्तीवर अडकली, पुढची आवृत्ती वर्षानुवर्षं 'येतेय, येतेय' राहिली, आणि १ जानेवारी २०२० ला पायथन २ चाच आधार संपला. फेडोरा लिनक्सच्या लोकांनी २००८ मध्येच मॉइनमॉइन सोडून मीडियाविकीचा रस्ता धरला होता. तेव्हा कुठलाही विकी निवडण्याआधी मागच्या दोन वर्षांत त्याच्या किती आवृत्त्या आल्या आणि दुरुस्त्या करणारे हात किती, एवढं बघा. एकाच माणसाच्या जिवावर चाललेला देखणा विकी मला दूरचा भाचा वाटतो : कौतुक करावं, घर नावावर करू नये.

राहिले दोन, तुमच्या यादीतला मीडियाविकी आणि मी त्यात घालते तो डोकूविकी. दोन्ही पीएचपीवर चालतात, दोन्ही तुमच्या छोट्या सर्व्हरवर मावतात, दोन्ही वीस वर्षं टिकलेले.

मीडियाविकी म्हणजे विकिपीडियाचं इंजिन. आर्च लिनक्स, जेंटू, लिबरऑफिस, ओपनस्ट्रीटमॅप अशा मुक्त प्रकल्पांचे विकी त्याच्यावरच आहेत. २०२० मधल्या १.३५ आवृत्तीपासून दृश्य संपादक सोबतच येतो, म्हणजे वर्डमध्ये लिहिल्यासारखं लिहिता येतं. पण त्याला डेटाबेस लागतो, दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि विस्तारांची, म्हणजे वरून जोडलेल्या सोयींची, आवृत्ती तिच्याशी जुळवावी लागते. हे झेपत नसेल तर दीर्घ आधाराचीच आवृत्ती घ्या, तिला तीन वर्षं दुरुस्त्या मिळतात. आणि एक ध्यानात ठेवा : त्याची घडणच सगळ्यांनी सगळं वाचावं अशी आहे. अमुक पान अमक्यालाच दिसावं, हे त्याला नीट जमत नाही आणि त्याचे कर्तेही तसं स्पष्ट सांगतात. वाचनालयांचे पासवर्ड तिथे ठेवाल तर पस्तावाल. (कुठल्याच विकीत ठेवू नका म्हणा.)

डोकूविकी २००४ मध्ये अँड्रियास गोर यांनी सुरू केला, मुळात दस्तऐवजांसाठीच. त्याला डेटाबेस नाही. प्रत्येक पान ही एक साधी मजकुराची फाइल, जुन्या आवृत्त्या शेजारच्या 'ॲटिक' फोल्डरमध्ये, म्हणजे अक्षरशः माळ्यावर. बॅकअप म्हणजे फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवणं. सर्व्हर मेला तरी नोटपॅडमध्ये पानं वाचता येतील. कोणी काय वाचावं, काय लिहावं याचे नियमही त्यात अंगचेच आहेत. माझं मत विचाराल तर तुमच्या संख्येला आणि तुमच्या सर्व्हरला हाच.

पण मराठीत चालवणार असाल तर पहिलं पान लिहायच्या आधी एक काम करा. माझी एक अख्खी रात्र यात गेली आहे. डोकूविकी पानाच्या नावावरूनच फाइलचं नाव ठेवतो, आणि मूळ मांडणीत (सेटिंगमध्ये) देवनागरी अक्षरांचं सांकेतिक रूपांतर करतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या यूनिकोड पद्धतीत आपलं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं, रूपांतर झाल्यावर नऊ अक्षरांचं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे. लिनक्सवर फाइलचं नाव २५५ बाइटांपलीकडे जात नाही. आता 'पुस्तकांची देवघेव नोंदवताना येणाऱ्या अडचणी' हे पान घ्या. दिसायला पाच शब्द, पण आत अडतीस चिन्हं. नवानं गुणा : ३४२, वर मधल्या चार जागा. पान जपलंच जात नाही. आमच्या एका शिक्षकांनी दीड तास लिहिलेलं असंच हवेत गेलं आणि ते बिचारे 'माझंच काहीतरी चुकलं' म्हणत राहिले. उपाय सोपा : मांडणीत फाइलनावांची पद्धत यूटीएफ-८ करा, म्हणजे तेच नाव ११८ बाइटांत बसतं. पण हे सुरुवातीलाच. नंतर बदललंत तर जुनी पानं त्याला सापडत नाहीत. शिवाय पानाचं नाव आखूड ठेवायची सवय लावा, आतला मथळा हवा तेवढा लांब लिहा.

मीडियाविकीत हा त्रास कमी. तिथे शीर्षकाला २५५ बाइट म्हणजे पंच्याऐंशी देवनागरी चिन्हं मिळतात. तिथला सापळा निराळा. आपला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टंकता येतो : खास मराठी 'ऱ' वापरून, किंवा साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. मीडियाविकीला मात्र 'दुसऱ्या शाखेची नोंदणी' ही दोन वेगवेगळी पानं वाटतात. कोणता कीबोर्ड कोण वापरतं यावर जुळी पानं जन्माला येतात. एक पद्धत ठरवा, दुसरीवरून पुनर्निर्देशन करा, म्हणजे ते नाव उघडलं की आपोआप पहिलं पान येईल.

शोधाचंही सांगून ठेवते. 'भाषांतर' शोधलं की 'भाषांतराचा' सापडत नाही, कारण दोन्ही विकी शब्द जसाच्या तसा जुळवतात आणि आपली भाषा विभक्तीशिवाय पाऊल टाकत नाही. शब्दापुढे तारांकन लावलं की काम होतं. हे शोधाच्या चौकटीखालीच एका ओळीत लिहून ठेवा. घोडा शोधायचा तर 'घोड' आणि तारांकन, नाहीतर 'घोड्याचा' निसटला.

स्पॅम येणार, हे गृहीत धरा. मी एकदा शुक्रवारी संध्याकाळी नोंदणी खुली ठेवून गावी गेले. सोमवारी परतले तर घड्याळं, औषधं आणि सट्ट्याची अकराशे पानं. त्यावर प्रश्न विचारणारी कडी लावता येते, प्रश्न तुम्हीच ठरवायचा. मी हौसेनं विचारला, 'पोहे कशापासून होतात?' यंत्रं अडली, आणि माणसंही अडली. कुणी तांदूळ लिहिलं, कुणी भात, कुणी साळ, एकानं 'कांद्यापासून'. उत्तर 'भात' एवढंच चालत होतं. कोकणातल्या एका सभासदानं मला फोन करून अर्धा तास साळ आणि भात यांतला फरक समजावला. तुम्ही सरळ सॉफ्टवेअरच्या नावाचं पहिलं अक्षर विचारा.

पहिल्या दिवशी तळाशी परवान्याची ओळ टाका. क्रिएटिव्ह कॉमन्स, श्रेयासह आणि त्याच परवान्यानं पुढे, आवृत्ती ४.०, एवढं पुरे. नंतर बदलणं किती जड जातं ते विकिपीडियाला विचारा. २००९ मध्ये त्यांना ग्नूच्या दस्तऐवज-परवान्यावरून इकडे यायचं होतं, तर आधी तो परवाना काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला त्या परवान्याची १.३ ही नवी आवृत्ती काढून खास वाट मोकळी करून द्यावी लागली. तुमच्यासाठी अशी वाट कोण काढणार?

बॅकअपबद्दल लेक्चर देत नाही. २००८ मध्ये जेंटू लिनक्सच्या अनधिकृत विकीचा डेटाबेस गेला आणि धड बॅकअप नव्हता. शोधयंत्रांच्या साठ्यातून लोकांना पानं वेचावी लागली. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. उघडत नसेल तर तो बॅकअप नाही.

आता करा असं : येत्या रविवारी दोन्ही विकी एकेका फोल्डरात उभे करा. प्रत्येकात एक पान, त्यात मुद्दाम एक चूक. पोस्टमास्तरांना बसवा आणि मागे उभं राहून तोंड बंद ठेवा. 'तिथे दाबा ना' असं म्हणायचं नाही. डोकूविकीत त्यांना चूक दुरुस्त करता आली तर डोकूविकी. डोकूविकीत ठळक, मथळा वगैरेंसाठी टंकायच्या चिन्हांत अडखळले आणि मीडियाविकीच्या दृश्य संपादकात जमलं, तर मीडियाविकी, आणि मग त्याच्या डेटाबेसची जबाबदारी कोणाची ते नावानिशी ठरवा.

प्रश्न : आमच्या प्रकल्पाची मदतपानं मराठी, कोंकणी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत हवी आहेत. तीन विकी करावेत का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : नको, तिन्हींची तोंडं वर्षभरात तीन दिशांना होतील. तुमच्या बाबतीत मात्र मी मीडियाविकीच सांगेन, त्याच्या 'ट्रान्सलेट' या विस्तारासाठी. तो मूळ पानाचे परिच्छेदागणिक तुकडे पाडतो. मूळ पानात एक ओळ बदलली की भाषांतरात तेवढ्याच तुकड्यावर 'शिळा' अशी खूण होते, बाकीचं तसंच राहतं. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या वापरकर्त्यांचा विकी वर्षानुवर्षं असाच चालतो. गोव्याच्या कोंकणीसाठी मीडियाविकीत देवनागरी आणि रोमी असे दोन्ही पर्याय आहेत, तेव्हा लिपीचा वाद आधीच मिटवून या. तो मिटवणारा विस्तार अजून कोणी लिहिलेला नाही.

प्रश्न : आमचा विकी आहे, पण वर्षभरात त्यात चारच बदल झाले, त्यातले तीन माझेच. प्लॅटफॉर्म बदलावा का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : बदलून बघा, नव्या विकीतही वर्षाला चारच बदल होतील, फक्त स्थलांतराचे दोन महिने वाया. आमच्याकडेही असंच झालं होतं. मग आम्ही एक नियम केला : व्हॉट्सॲपवर कुणी प्रश्न विचारला की उत्तर तिथे द्यायचं नाही, विकीत लिहायचं आणि फक्त दुवा टाकायचा. पहिला महिना लोक चिडले. 'एका ओळीचं तर उत्तर होतं!' हो, पण तीच एक ओळ मी त्याआधी सतरा वेळा लिहिली होती, मोजली आहे. दुसरं म्हणजे महिन्याचा एक माळी नेमा, पाळीपाळीनं. त्यानं नवं काही लिहायचं नाही. तुटलेले दुवे, जुळी पानं आणि 'लवकरच लिहू' अशी २०१९ पासून वाट बघणारी पानं एवढंच उपटायचं. आमच्या पहिल्या माळ्यानं एका रविवारी एकसष्ट पानं काढून टाकली. कुणाच्याही लक्षात आलं नाही.